गोल्फचे फोर्ज्ड कॅव्हिटी बॅक आयर्न घेतल्यावर तुमचं काय झालं? अनुभव सांगा

नमस्कार मंडळी.

गेल्या रविवारी येरवड्याला आमच्या फोर-बॉलमधल्या (चौघांच्या गटातल्या) एकाने आपल्या नव्या फोर्ज्ड कॅव्हिटी बॅक, म्हणजे घडीव पोलादाच्या आणि मागून खोलगट, सेटमधली सात नंबर माझ्या हातात दिली. "घे, मारून बघ एक." मारला. माझ्या आयर्नचा (धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबचा) आवाज 'टण्ण' असा येतो, हिचा आला 'थप्'. ओल्या मातीत नारळ पडावा तसा. बॉल कुठे गेला ते बघायचंही राहून गेलं. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

माझा हँडिकॅप १८ (हा आकडा जितका कमी, तितका खेळाडू चांगला), वय ४७. सध्याचा सेट अकरा वर्षांचा, ओतीव स्टेनलेसचा, जाड सोलचा (तळाचा), चुका पोटात घालणारा. नवा फोर्ज्ड सेट लाखाच्या वर जातो. घरी अजून तोंड उघडलेलं नाही. जाहिराती वाचून पाठ झाल्यात, त्यामुळे त्या नकोत. आधी काय वापरत होता, आता काय वापरता, खरंच काय बदललं, आणि पश्चात्ताप झाला असेल तर तोही मोकळेपणाने लिहा. नावगाव नको, ठिकाण आणि हँडिकॅप पुरे.

चाकण, हँडिकॅप १४

माझं पोटच फोर्जिंगवर चालतं, तेव्हा आधी थोडं कारखान्यातलं. आमच्याकडे क्रँकशाफ्ट होतात, गोल्फचे हेड नाहीत, पण लोखंडाला त्याचं काय! मऊ पोलादाची कांडी घ्यायची, १०२० किंवा १०२५, म्हणजे कार्बन साधारण ०.२० ते ०.२५ टक्के. लालबुंद तापवून डायमध्ये (साच्यात) ठेवायची आणि वरून हाणायची. करंजीच्या कडेने सारण यावं तसा जास्तीचा माल बाजूने बाहेर येतो, त्याला फ्लॅश म्हणतात. तो छाटायचा, मग घासकाम, खाचा, शेवटी क्रोमचा मुलामा. ओतीव हेडची गोष्ट उलटी. मेणाची प्रतिकृती करून तिच्यावर कवच चढवायचं, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत १७-४ स्टेनलेस ओतायचं. १७ टक्के क्रोमियम, ४ टक्के निकेल. हे कडक असतं.

ओतकामात पाहिजे तो वेडावाकडा आकार निघतो. घडाईत डायमधून सुटेल तेवढाच आकार देता येतो, बाकीचं नंतर कोरावं लागतं. म्हणून मागून पोखरून वजन कडेला न्यायची कल्पना बहरली ती ओतकामवाल्यांकडे. कार्स्टन सोल्हाइम यांच्या पिंग कंपनीचे १९८२ चे आय २ आयर्न आठवा. घडीव हेडमध्ये ती खोलगट पाठ आणताना वजन थोडंच हलवता येतं, त्यामुळे 'फोर्ज्ड आणि शिवाय भरपूर माफ करणारा' असं कोणी सांगितलं की मी आधी हेडची जाडी बघतो.

आणखी एक. हेडवर 'फोर्ज्ड' कोरलंय म्हणजे सगळं हेड घडीव असेलच असं नाही. काहींची फक्त फेस (बॉलला लागते ती बाजू) घडीव असते, मागचं अंग ओतीव. वाईट नसतात ते, पण मग पैसे कशाचे देतोय ते विचारून घ्या.

'ग्रेन फ्लो'बद्दल, म्हणजे घडाईत धातूचे कण आकाराप्रमाणे वळतात त्याबद्दल, सगळे विचारतात. क्रँकशाफ्टला त्याचा फार उपयोग, तो फिरून फिरून थकत असतो. सात नंबरला किती, याची मला शंका आहे.

आता अनुभव. तीन वर्षं झाली. मधोमध लागला तर काहीच लागल्यासारखं वाटत नाही. टोकाला लागला तर जुन्या सेटपेक्षा पाच-सहा यार्ड जास्त मागे पडतो, पण कुठे लागला ते हाताला कळतं. जुन्या सेटवर सगळे शॉट सारखेच वाटायचे. मला हे आवडलं. बायकोला त्याची किंमत आवडली नाही.

चेंबूर, हँडिकॅप ९

चाकणकरांनी पाठ्यपुस्तक लिहिलंय, मी फक्त एक आकडा सांगतो: लॉफ्ट, म्हणजे फेस मागे किती कललेली आहे तो कोन.

माझ्या जुन्या सेटच्या सात नंबरचा लॉफ्ट २९ अंश होता. नव्या फोर्ज्डचा ३४. म्हणजे नवी सात ही जुन्या आठपेक्षाही उघडी. पहिल्या राउंडला प्रत्येक ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक हिरवळीच्या) अलीकडे पडत होतो आणि कॅडी माझ्याकडे 'साहेब, तब्येत बरी आहे ना?' अशा नजरेने बघत होता. दीड क्लबचं अंतर गेलं म्हणा ना. त्याचा फायदा कळायला दोन महिने लागले. बॉल वर चढतो आणि ग्रीनवर पडून थांबतो. आधी पडायचा ग्रीनवर, सापडायचा मागच्या झाडीत.

विकत घेताना कंपनीच्या वेबसाइटवरचा लॉफ्टचा तक्ता बघा. क्लबवर कोरलेला नंबर हा केवळ शिष्टाचार आहे.

नाशिक, हँडिकॅप २६

बाई खेळतात हे गृहीत धरून कोणी लिहीत नाही, म्हणून लिहिते. नवऱ्याने वाढदिवसाला मोठ्या हौसेने चार ते पिचिंग वेज असा फोर्ज्ड सेट दिला, जड स्टीलच्या शाफ्टसकट (दांड्यासकट). नुसता शाफ्ट १३० ग्रॅमच्या आसपास. नवव्या होलपर्यंत खांदा बोलायला लागायचा. चार आणि पाच नंबर तर हवेत जायचंच नाव घेईनात, फेअरवेवरून सापासारखे सरपटायचे.

सहा महिने 'सवय होईल' ऐकलं. मग एका शिकवणाऱ्यांनी शांतपणे सांगितलं, "ताई, स्विंगचा वेग कमी असला की लांब आयर्न वर चढत नाही. त्यात लाजायचं काय?" चार, पाच, सहा काढून टाकले, हायब्रिड (बॉल सहज वर चढवणारे, जाड डोक्याचे क्लब) आणले. बाकीच्यांना हलके ग्रॅफाइट शाफ्ट लावून घेतले. आता सात, आठ, नऊ आणि वेज एवढेच फोर्ज्ड आहेत आणि ते मला जीव की प्राण आहेत. ग्रीनजवळचा हलका शॉट मारताना जो नाजूकपणा हाताला मिळतो तो जुन्यात नव्हता.

अख्खा सेट एकाच जातीचा हवा असं नियमात कुठेही नाही. बॅगेत १४ पेक्षा जास्त क्लब नकोत एवढंच.

ठाणे, हँडिकॅप १६

पावसाळ्यात काळजी घ्या. खारघरला डोंगराच्या पायथ्याशी खेळतो. एकदा बॉलखाली गवतात दडलेला दगड होता. खालच्या कडेला भाताच्या दाण्याएवढा टवका गेला, क्रोम निघालं. दुसऱ्या आठवड्यात तिथे तांबूस ठिपका. ओतीव स्टेनलेस इतक्या सहजी गंजत नाही, मऊ कार्बन पोलाद उघडं पडलं की गंजतंच. आता राउंड संपला की कोरडं फडकं, आणि टवक्यावर बोटभर शिलाई मशीनचं तेल. ओलं हेडकव्हर घालून गाडीच्या डिकीत आठवडाभर ठेवणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

(धागाकर्ता)

नाशिकच्या ताई, मनापासून आभार, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. ठाणेकर, तुम्ही मला घाबरवलंत. लाय अँगलबद्दल (क्लब जमिनीवर टेकवला की दांडा किती कलतो त्या कोनाबद्दल) कोणी लिहील का? दुकानदार तेवढं एकच बोलत होता आणि मी मान डोलावत होतो.

न्यू जर्सी, हँडिकॅप १२

लायबद्दल मी लिहितो, कारण माझी आठ वर्षं त्यात वाया गेलीत.

माझी उंची पाच फूट चार इंच. दुकानातून स्टँडर्ड सेट उचलला होता. बॉल सतत डावीकडे. ग्रिप बदलली, उभं राहणं बदललं, तीन शिक्षक बदलले, यूट्यूबवर रात्री जागवल्या. मग एका हिवाळ्यात, बाहेर बर्फ आणि आत सिम्युलेटर, एका फिटरने माझ्या सोलवर टेप चिकटवली आणि प्लास्टिकच्या फळीवरून पाच शॉट मारायला लावले. टेपवरच्या खुणा सगळ्या हीलकडे (दांड्याच्या बाजूला). म्हणजे बॉलला लागताना क्लबचं टोक हवेत असायचं. टोक वर असलं की लॉफ्टमुळे फेस डावीकडे बघते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा सरळ स्विंगही बॉल डावीकडेच नेणार. माझ्या 'दोषा'वर मी आठ वर्षं उपचार करत होतो आणि दोष होता लोखंडात.

फिटरने क्लब शिकंज्यात आवळला, हॉझेलवर (हेडच्या ज्या नळीत दांडा बसतो तिच्यावर) लांब दांड्याचा पाना चढवला आणि दोन अंश फ्लॅट केला, म्हणजे लायचा कोन तेवढा कमी केला. मऊ पोलाद मुकाट्याने वाकलं. जुना ओतीव सेटही दाखवला, तर त्याने हात वर केले. म्हणाला, तुटला तर मी जबाबदार नाही. (ओतीव अजिबात वाकत नाही असं नव्हे. पिंगवाले कित्येक वर्षं लायप्रमाणे रंगीत ठिपका लावून देतात. पण ते त्यांच्याकडच्या सामग्रीने करतात, गल्लीतला प्रत्येक जण करेल असं नाही.)

माझ्या मते फोर्ज्ड घ्यायचं सगळ्यात भक्कम कारण हेच, आवाजबिवाज नंतर. त्याचीच दुसरी बाजू म्हणजे जे सहज वाकतं ते आपोआपही सरकतं. दोन हिवाळे रबरी मॅटवर मारल्यावर माझी आठ आणि नऊ जवळपास एकाच अंतरावर पडायला लागली. मोजलं तर नऊ दीड अंशाने घट्ट झालेली, म्हणजे तिचा लॉफ्ट तेवढा कमी झालेला. आता दर मार्चमध्ये सगळा सेट तपासून घेतो.

आणि हो, चार-पाच अंश सेल्सियसमध्ये पातळ (फेसच्या अगदी खालच्या कडेला) लागलेला फोर्ज्ड शॉटही कोपरापर्यंत झिणझिण्या आणतो. लोण्यासारखा फील वगैरे उन्हाळ्यापुरतं.

पुणे, हँडिकॅप २०

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर. 'फील'चा एवढा गजर ऐकून राहवेना. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) मित्राचा फोर्ज्ड आणि माझा ओतीव, दोन्ही सात नंबर, आलटून पालटून. आधी साधे दहा-दहा. फरक स्पष्ट. मग दवाखान्यातले फोमचे बोळे दोन्ही कानांत घातले, क्लब देण्याचं काम मित्राकडे आणि माझी नजर फक्त बॉलवर.

वीसपैकी अकरा ओळखले. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते.

बॉल फेसवर असतो जेमतेम अर्धा मिलिसेकंद. हाताला काही कळेपर्यंत तो निघून गेलेला असतो. आपण ज्याला 'हाताला मऊ लागला' म्हणतो त्यात कानाचा वाटा फार मोठा आहे, असं माझं मत. तरीही पुढच्या महिन्यात मी फोर्ज्ड सेट घेतला. कान माझेच आहेत ना, त्यांना छान ऐकायला नको?

चाकण, हँडिकॅप १४

डॉक्टरसाहेब, अकरा म्हणजे एक जास्त आलाय. तो ग्रेन फ्लोचा.

औरंगाबाद, सध्या दुबई, हँडिकॅप १९

माझा अनुभव कडू आहे. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून नामवंत ब्रँडचा 'जवळजवळ नवा' फोर्ज्ड सेट निम्म्या किमतीत घेतला. खोका झकास, सीलबंद ग्रिप, हॉझेलवर सीरियल नंबरसुद्धा. पहिल्या दिवशी आवाज विचित्र वाटला, भांड्यावर चमचा आपटावा तसा. शंका आली म्हणून फ्रिजवरचं गणपतीचं चुंबक काढून हेडला लावलं. घसरून खाली. पुन्हा लावलं, पुन्हा खाली.

कार्बन पोलादाला चुंबक चिकटायलाच हवं. हे बहुधा जस्ताचं काहीतरी होतं. चौथ्या राउंडला आठ नंबरचं हेड हॉझेलपाशी मोडून बॉलच्या पुढे गेलं. विक्रेता तोवर गायब. जुना सेट घ्यायला जाताना खिशात चुंबक ठेवा. ते चिकटलं म्हणजे माल अस्सलच असं नाही, पण नाही चिकटलं तर तिथूनच परत फिरा.

पुणे, हँडिकॅप ३

मी बारा वर्षांचा असताना कॅडी म्हणून लागलो, आता रेंजवर शिकवतो. माझा पहिला सेट एका साहेबांनी दिलेले चार सुटे क्लब, प्रत्येक वेगळ्या कंपनीचा. त्यातली पाच नंबर घडीव होती, पार घासलेली, फेसच्या मधोमध रुपयाएवढा काळसर डाग. ते साहेब आयुष्यभर तिथेच मारत आले होते. आमची पोरं तो डाग बघायला यायची, देवदर्शनाला यावं तशी. माझ्या मारण्याने त्याच्या कडेला दुसरा डाग पडायला लागला, टोकाच्या बाजूला. तेव्हा मला कळलं की मी बॉलपासून लांब उभा राहतो. कोणी शिकवलं नव्हतं.

हल्ली माझ्याकडे लोक येतात, नवाकोरा सेट घेऊन, आणि म्हणतात दादा, याने काही फरक पडेना. मी त्यांना ब्रँड विचारत नाही. व्हाइटबोर्डचा मार्कर काढतो, बॉलवर एक ठिपका काढतो, तो ठिपका फेसकडे करून ठेवतो. मारला की ठिपका फेसवर उमटतो. दहा बॉल. ठिपके एका रुपयात मावले तर ब्लेडसुद्धा (खोलगट पाठ नसलेले आयर्न) घ्या. तीन बोटांच्या रुंदीत मावले तर फोर्ज्ड कॅव्हिटी बॅक खुशाल घ्या, मजा येईल. टूरवरची व्यावसायिक मंडळीही ते वापरतात. २०१५ चं मास्टर्स आणि यूएस ओपन जॉर्डन स्पीथने टायटलिस्ट कंपनीच्या एपी२ आयर्न घेऊन जिंकलं, तोही घडीव कॅव्हिटी बॅकच. आणि फेसभर रांगोळी झाली तर आहे तो सेट चांगला आहे, त्याला नवे ग्रिप लावा.

धागा काढणाऱ्या साहेबांनी हे करून बघावं आणि इथे खरं लिहावं.

(धागाकर्ता)

दादा, आज सकाळी साडेसहाला रेंजवर गेलो. मार्कर मुलीच्या कंपासपेटीतून ढापला, हिरवा निघाला. माझीच जुनी सात नंबर, दहा बॉल, प्रत्येक शॉटनंतर फेसचा फोटो.

पाच ठिपके टोकाकडे, एकमेकांना खेटून. दोन मधोमध, आणि त्या दोन्ही वेळा माझ्या 'टण्ण'चा आवाजही थोडा 'थप्'सारखा आला, शपथ. एक अगदी खालच्या खाचेवर. एक हीलकडे.

दहावा कुठे उमटला तो शब्द मी इथे लिहिणार नाही. फेसवर नव्हता एवढं सांगतो. शेजारच्या बेमधले काका दोन पावलं मागे सरकले.