‘कमाल ६४ प्रोसेसर’ म्हणजे नेमके कशाचे ६४?

धागाकर्ता:
आम्ही वापरतो त्या व्हर्च्युअलायझेशन प्रणालीच्या (एका खऱ्या संगणकावर अनेक आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) माहितीपुस्तिकेत ‘एका व्हर्च्युअल मशीनला कमाल ६४ प्रोसेसर देता येतात’ एवढे एकच वाक्य आहे. प्रोसेसर म्हणजे सॉकेट (अख्खी चिप बसते ती जागा), कोर (चिपमधला एकेक गणन-भाग) की थ्रेड (एका कोरवर एकाच वेळी चालणारा कामाचा प्रवाह), हे कुठेही सांगितलेले नाही आणि माझ्या मते ही गंभीर उणीव आहे. मी विंडोज १० प्रोच्या मशीनला आठ प्रोसेसर दिले, तर टास्क मॅनेजरमध्ये दोनच दिसले. होस्टमध्ये (मशीन ज्यावर चालते त्या खऱ्या संगणकात) दोष शोधण्यात पूर्ण दिवस गेल्यावर लक्षात आले की, प्रणालीने प्रत्येक प्रोसेसर स्वतंत्र सॉकेट म्हणून मांडला होता आणि विंडोज १० प्रो दोनच सॉकेट वापरते. एक सॉकेट आणि त्यात आठ कोर अशी रचना करून मशीन पुन्हा सुरू करताच आठही दिसू लागले. हे पुस्तिकेत असायलाच हवे.

प्रतिसाद १:
मला हे पटत नाही. सॉकेटची अट गेस्ट ऑपरेटिंग सिस्टिमची, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आत चालणाऱ्या विंडोजची आहे. होम आवृत्तीला एक, प्रोला दोन. प्रत्येक गेस्टच्या अटी आपल्या पुस्तिकेत उतरवल्या, तर त्या बदलतील तशी पाने शिळी होतील, आणि शिळ्या आकड्यावर विसंबलेला माणूस आकडाच न मिळालेल्या माणसापेक्षा जास्त फसतो.

प्रतिसाद २:
गेस्टचे आकडे नकोत, हे मान्य. पण एकक तरी हवे की नको? मशीनने प्रोसेसरचा किती वेळ वापरावा यालाही ‘मर्यादा’च म्हणतात, तेव्हा घोळ आणखी वाढतो, कारण प्रत्येक प्रणालीत तिचे एकक वेगळे आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ५० टक्के म्हणजे प्रत्येक व्हर्च्युअल प्रोसेसरला होस्टच्या एका प्रोसेसरचा जास्तीत जास्त निम्मा वेळ. हायपर-व्हीमध्ये सोळा लॉजिकल प्रोसेसरच्या (ऑपरेटिंग सिस्टिमला दिसणाऱ्या थ्रेडच्या) होस्टवर चार प्रोसेसरच्या मशीनला ५० टक्के मर्यादा घातली, तर ती संपूर्ण होस्टच्या १२.५ टक्के भरते. प्रॉक्समॉक्समध्ये टक्केवारीच नाही. तिथे १ म्हणजे एका कोरइतका पूर्ण वेळ. कशाचे टक्के हे लिहिले नाही, तर एका प्रणालीवरून दुसरीवर आलेला माणूस चुकीचा आकडा भरणारच.

प्रतिसाद १:
एककाचा मुद्दा मान्य. गेस्टनिहाय तक्त्याला मात्र माझा विरोध कायम आहे.

धागाकर्ता:
तक्ता सोडून देतो. त्याऐवजी असे लिहावे: ‘एका मशीनला कमाल ६४ व्हर्च्युअल प्रोसेसर देता येतात, सॉकेटची संख्या, दर सॉकेटमधील कोर आणि दर कोरमधील थ्रेड यांचा गुणाकार ६४ च्या पुढे जाऊ नये. गेस्ट किती सॉकेट वापरू शकते, हे तिच्या स्वतःच्या पुस्तिकेत पाहावे.’

प्रतिसाद १:
यात एक भर घाला: रचना सांगितली नाही, तर प्रणाली प्रत्येक प्रोसेसरला स्वतंत्र सॉकेट देते. ही निवड गेस्टची नसून आपल्या प्रणालीची आहे, त्यामुळे ती आपल्याच पुस्तिकेत, त्याच वाक्याला लागून हवी.