वीज वाचवण्यासाठी हार्ड डिस्कचे हेड सतत उतरवत राहावे का?

रानवारा

घरच्या सर्व्हरमधली डिस्क गेल्या आठवड्यात काढून ठेवावी लागली. वापर जेमतेम चौदा महिन्यांचा, पण तिच्या ‘स्मार्ट’ नोंदींत (डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवते त्या) हेड, म्हणजे तबकडीवर माहिती लिहिणारे-वाचणारे टोक, उतरवल्याची संख्या ४ लाख ११ हजार होती आणि निर्मात्याने माहितीपत्रकात दिलेली मर्यादा ३ लाखांची. म्हणजे दर दीड मिनिटाला एकदा ‘टक्’ असा आवाज, दिवसरात्र. आठ सेकंद काम आले नाही की हेड तबकडीवरून सरकवून कडेच्या रॅम्पवर ठेवायचे, अशी सोय कंपनीने वीजबचतीसाठी केली होती. माझा सर्व्हर मात्र दर दीड मिनिटाला एखादी किरकोळ नोंद लिहीत होता आणि हेड पुन्हा तबकडीवर येत होते. यातून वाचली असेल फार तर वॉटभर वीज.

माझे म्हणणे असे, की टिकाऊपणा आणि वीजबचत एकत्र साधायची असेल तर ती थांबवाथांबवीतून साधत नाही, हवेचा अडथळा कमी करून साधते. तबकड्या फिरत्या ठेवण्यासाठी लागणाऱ्या विजेतला मोठा वाटा हवा घुसळण्यात जातो आणि तो वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढतो. मिनिटाला ७२०० ऐवजी ५४०० फेरे ठेवले तर हा भार जवळपास दोन पंचमांशावर येतो. एचजीएसटी या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने २०१३ मध्ये हेलियम भरलेली ६ टेराबाइटची डिस्क आणली, तिच्यात एरवीच्याच उंचीच्या पेटीत सात तबकड्या बसवल्या होत्या. हेलियमची घनता हवेच्या सुमारे एक सप्तमांश असते. त्यामुळे तबकड्यांची थरथर कमी होते, त्या पातळ करून जवळजवळ बसवता येतात, मोटरला कमी वीज लागते आणि डिस्क कमी तापते. एकाच उपायात दोन्ही गोष्टी साधल्या, याला मी अभियांत्रिकी म्हणतो.

ओवी

आपला राग समजू शकते, पण हेड उतरवणे आणि तबकड्या थांबवणे या दोन वेगळ्या गोष्टींची आपण गल्लत करत आहात. माझी बॅकअपची डिस्क दिवसातून तासभर लागते. उरलेले तेवीस तास ती नुसती फिरत राहिली, तर पाच वॉटने वर्षाला बेचाळीस युनिटे वाया जातील. सुरू होताना ती दहाएक सेकंद चोवीस वॉटपर्यंत ओढते, हे खरे. तरी तो खर्च मिनिटभराच्या विश्रांतीत भरून निघतो. रोज एकदा सुरू केली तरी दहा वर्षांत ३६५० वेळा होईल आणि अशा अनेक डिस्कची मर्यादा ५० हजारांची असते.

शिवाय रॅम्पला नावे ठेवू नयेत. पूर्वी डिस्क थांबली की हेड थेट तबकडीवरच टेकत असे आणि कधी कधी तिथेच चिकटून बसे. आता अचानक वीज गेली, तर फिरत्या तबकड्यांच्या उरलेल्या गतीवर मोटरच जनित्रासारखी चालते आणि तेवढ्या विजेवर हेड सुखरूप रॅम्पवर पोहोचतात. आमच्या गावी पावसाळ्यात दिवसातून चारदा वीज जाते, तेव्हा ही व्यवस्था किती मोलाची आहे हे मी स्वतः पाहिले आहे.

दक्षिणायन

दोघेही माहितीपत्रकातल्या आकड्यांवर फार विसंबत आहात. २५ लाख तासांचा एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी काळ) म्हणजे एक डिस्क २८५ वर्षे चालेल असा अर्थ होत नाही. वर्षाला साधारण ०.३५ टक्के डिस्क बिघडतील, एवढाच तो अंदाज असतो. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या २००७ च्या अभ्यासात माहितीपत्रकांवरून एक टक्क्याच्या आत अपेक्षित असलेले प्रमाण प्रत्यक्षात बहुधा दोन ते चार टक्के निघाले. त्याच वर्षी गूगलने लाखाहून अधिक डिस्कची पाहणी मांडली. तिच्यात तापमानाचा बिघाडाशी संबंध अपेक्षेपेक्षा कमी दिसला आणि बिघडलेल्यांपैकी अनेक डिस्कनी ‘स्मार्ट’मध्ये आधी कोणतीही सूचना दिली नव्हती. तेव्हा ‘कमी तापते म्हणून टिकते’ हे रानवारा यांचे विधान मला घाईचे वाटते.

रानवारा

तापमानाबद्दलचा मुद्दा मान्य, ते विधान मागे घेतो. थरथरीबद्दलचे मात्र घेणार नाही. पन्नास-साठ नॅनोमीटर रुंदीच्या मार्गिकेवर हेडला नेमके राहायचे असते. तबकडी जितकी कमी हलेल तितकी चूक कमी, यात अंदाजाचा प्रश्न नाही.

ओवी, रोज एकदा डिस्क थांबवण्याला माझा विरोध नाही. आक्षेप आहे तो आठ सेकंदांच्या मुदतीला, जी मला ना खोक्यावर दिसली ना माहितीपत्रकात. गिऱ्हाईक डिस्क सर्व्हरमध्ये लावणार की अधूनमधून वापरायच्या संगणकात, हे कंपनीला ठाऊक नसते. मग निदान मुदत छापावी आणि ती बदलण्याची सोय सरळ हाताशी द्यावी.

ओवी

मुदत छापावी, याबाबत आपले एकमत आहे. पण आठ सेकंद सर्वांसाठीच चूक, हे मला अजूनही पटत नाही. लॅपटॉप हातातून निसटतो तेव्हा हेड रॅम्पवर असणे हाच बचाव असतो. नव्या डिस्कवर आपण काय केलेत?

रानवारा

एचडीपार्म ही डिस्कच्या सेटिंग बदलण्याची आज्ञावली वापरून वीजबचतीची पातळी २५४ केली, म्हणजे बचत कमीत कमी. ही डिस्क ती आज्ञा मानते, जुनी मानत नव्हती. आठ दिवसांत हेड उतरवल्याची संख्या तीनने वाढली आहे, आणि त्यातले दोन वेळा मीच सर्व्हर बंद केला होता.