कॅसेटवरून उतरवलेली बाबांची गाणी गाडीच्या स्टिरिओवर वाजत नाहीत

प्रश्न

बाबा तरुणपणी गायचे. घरीच टेपरेकॉर्डर समोर ठेवून त्यांनी भरलेल्या १९ कॅसेटी कपाटात होत्या. घशाच्या आजारानंतर त्यांचं गाणं थांबलं, तेव्हा मी त्या कॅसेटी संगणकात उतरवायला घेतल्या. तीन महिने लागले. कॅसेटच्या प्रत्येक बाजूची एक फाइल केली आहे: ४५ मिनिटं, फ्लॅक (आवाजातलं काही न गमावता साठवणारा फाइलचा प्रकार), २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झ. एकेक फाइल ९०० एमबीच्या आसपास जाते. अशा ३८ फाइल झाल्या.

बाबा निवांत गाणं ऐकतात ते फक्त गाडी चालवताना. गाडी जुनी असली तरी स्टिरिओला पेनड्राइव्हची जागा आहे. ६४ जीबीचा नवा पेनड्राइव्ह लावला, तर तो स्टिरिओला दिसलाच नाही. जुना ८ जीबीचा लावला, तो दिसला, पण ‘फाइल चालत नाही’ असा संदेश आला. फाइलच्या नावातलं शेवटचं ‘फ्लॅक’ खोडून ‘एमपीथ्री’ लिहून पाहिलं, काही फरक पडला नाही. मग एका संकेतस्थळावर दोन-तीन फाइल बदलून घेतल्या. त्या वाजल्या, पण आवाज पातळ झाला, नावांच्या जागी चौकोन दिसतात आणि क्रमही उलटसुलट लागतो. शिवाय गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की ४५ मिनिटांची फाइल पहिल्यापासून वाजायला लागते.

मूळ आवाजाला धक्का न लावता हे कसं करायचं? घाई नाही, पण नीट करायचं आहे.


प्रतिसाद १

सगळ्यात आधी त्या फ्लॅक फाइलींची आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. कॅसेटची फीत दिवसेंदिवस खराबच होणार, तेव्हा यापुढे तुमची फ्लॅक हीच मूळ प्रत समजा. गाडीसाठी जे कराल ते त्यातून काढलेली नक्कल. ती बिघडली तर पुन्हा काढता येते.

आता पेनड्राइव्ह. ६४ जीबीचे बहुतेक पेनड्राइव्ह दुकानातून एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होऊन (म्हणजे फाइलींची मांडणी त्या पद्धतीने ठरून) येतात आणि जुन्या स्टिरिओंना फक्त फॅट३२ ही जुनी पद्धत वाचता येते. तुमचा ८ जीबीचा फॅट३२ असणार, म्हणून तो दिसला. तोच वापरा. मोठाच हवा असेल तर विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीपुढे फॅट३२ चा पर्याय सहसा मिळत नाही, त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लागतो. पण तुम्हाला त्याची गरजच पडणार नाही. २५६ केबीपीएसच्या (सेकंदाला २५६ किलोबिट दराच्या) एमपीथ्रीला मिनिटाला साधारण २ एमबी लागतात. तुमच्या ३८ बाजू म्हणजे १७१० मिनिटं. सगळं मिळून साडेतीन जीबीच्या आत बसेल.

नाव बदलून फाइल बदलत नाही, आतला मजकूर फ्लॅकच राहतो. आणि फ्लॅक वाचणाऱ्या स्टिरिओंपैकीही काहींना ९६ किलोहर्ट्‌झ झेपत नाही. एमपीथ्री सगळीकडे चालतं, पण त्याची कमाल मर्यादा ४८ किलोहर्ट्‌झ आहे. तुम्ही ४४.१ निवडा. फूबार२००० किंवा फ्रीॲक घ्या, दोन्ही फुकट आहेत आणि दोन्हींत लेम हा एन्कोडर (एमपीथ्री तयार करणारा भाग) वापरता येतो. फ्लॅकवरून थेट एमपीथ्री करा. मध्ये १६ बिटची फाइल करण्याची पायरी नको, लेम २४ बिट सरळ घेतो. त्या संकेतस्थळाने बहुधा १२८ केबीपीएस किंवा त्याहून कमी दर लावला असावा. त्या फाइली पुन्हा २५६ वर नेऊन उपयोग नाही, गेलेलं परत येत नाही. फ्लॅकपासूनच सुरुवात करा.

पण त्याआधी ४५ मिनिटांचे तुकडे करा. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये बाजू उघडा, प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला लेबल लावून नाव लिहा आणि शेवटी लेबलांप्रमाणे अनेक फाइली एकदम निर्यात करा, त्याही फ्लॅकमध्येच. वेळखाऊ काम आहे, पण हाच भाग खरा महत्त्वाचा. बाबांना शेजारी बसवून करा, कुठलं गाणं कधी म्हटलं ते तेच सांगू शकतील.


प्रतिसाद २

चौकोनांचं सांगते. दोन वेगळ्या गोष्टी असतात. नावाच्या जागी विचित्र चिन्हांची रांग दिसली तर अक्षरांचं एन्कोडिंग चुकलेलं असतं, ते टॅग (फाइलच्या आत लिहिलेली गाण्याची, गायकाची नावं) सुधारून दुरुस्त होतं. नुसते चौकोन दिसले तर बहुतेक वेळा स्टिरिओकडे देवनागरी फॉन्टच नसतो. तिथे काही केलं तरी देवनागरी उमटणार नाही. मी गाडीच्या प्रतीत नावं रोमन लिपीत लिहिते आणि मूळ फ्लॅकमध्ये देवनागरीच ठेवते.

टॅग एमपीथ्रीटॅग या प्रोग्रॅमने भरा आणि त्याच्या सेटिंगमध्ये आयडीथ्री या टॅगच्या पद्धतीची २.३ आवृत्ती निवडा. २.४ नवी आहे, पण जुने स्टिरिओ तिच्यावर अडखळतात. मुखपृष्ठाचं चित्र घालणार असाल तर ५०० पिक्सेलच्या आत, साधं जेपेग. माझ्या गाडीत ३००० पिक्सेलच्या चित्रामुळे प्रत्येक गाण्याआधी स्टिरिओ थबकायचा, चित्र लहान केल्यावर थांबलं.

क्रमाचं कारण असं की पुष्कळ स्टिरिओ फाइली नावाप्रमाणे लावत नाहीत. पेनड्राइव्हवर ज्या क्रमाने त्यांची नोंद झाली त्याच क्रमाने वाजवतात. नावाआधी ०१, ०२ असे दोन आकडे लिहा (नुसता १ लिहिलात तर १ नंतर १० येतं), पेनड्राइव्ह रिकामा करा आणि एकेक फोल्डर क्रमाने कॉपी करा. तरीही जमलं नाही तर ड्राइव्हसॉर्ट नावाचा छोटा प्रोग्रॅम ती नोंदच क्रमवार लावून देतो.

मॅकवरून कॉपी करत असाल तर आणखी एक. तो प्रत्येक गाण्याबरोबर टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी एक लपलेली फाइल टाकतो. स्टिरिओ तिलाही गाणं समजून अडतो. त्या पुसून टाका.


प्रतिसाद ३

वरच्या दोघांशी सहमत आहे, फक्त २५६ ची गरज वाटत नाही. घरच्या टेपरेकॉर्डरला बहुधा एकच माइक होता ना? मग ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचं आहे; डाव्या-उजव्या दोन्ही चॅनेलांत तेच गाणं आणि वेगवेगळी सळसळ. दोन्ही चॅनेल मिसळून एक केले तर गाणं तेवढंच राहतं आणि सळसळ थोडी दबते. पण कॅसेट वाजवताना हेडचा (फीत वाचणाऱ्या भागाचा) कोन जरा तिरका असेल तर मिसळल्यावर वरचे सूर दबके होतात. एका गाण्यावर करून कानाने ठरवा. चांगलं वाटलं तर मोनो १२८ पुरे. त्या संकेतस्थळाचा १२८ दोन चॅनेलांचा, म्हणजे स्टिरिओ असणार, तिथे तेवढेच बिट दोन चॅनेलांत वाटले जातात.

दुसरं, गाडीत इंजिन आणि रस्त्याच्या आवाजात हळू गायलेलं ऐकूच येत नाही. गाणी तयार झाल्यावर एमपीथ्रीगेनने सगळ्यांची पातळी सारखी करा. तो फाइल पुन्हा एन्कोड करत नाही, फक्त आवाजाच्या पातळीचा आकडा १.५ डेसिबलच्या पायऱ्यांनी बदलतो आणि तो परत फिरवताही येतो.


प्रश्नकर्ता

तिघांचे मनापासून आभार. अकरा दिवस लागले, पण झालं. २१२ गाणी, ८ जीबीच्याच पेनड्राइव्हवर, क्रमाने. मोनो करून पाहिलं. सतरा कॅसेटी छान झाल्या. दोन खरोखरच दबक्या वाटल्या, त्या दोन चॅनेलांच्याच, २५६ वर ठेवल्या.

एकच अडचण उरली आहे. एक लांबलचक गाणं मी मध्येच तोडलं होतं, तिथे क्षणभर शांतता येते. ऑडॅसिटीत तर ती नाही.


प्रतिसाद १

ती एमपीथ्रीचीच आहे. एन्कोडर प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरतो. संगणकावरचे प्लेअर ती वगळतात, जुने स्टिरिओ नाही. त्या गाण्याचे दोन तुकडे फ्लॅकमध्येच जोडून एक करा. तोडायचंच असेल तर जिथे बाबा श्वासाला थांबलेत तिथे तोडा.


प्रश्नकर्ता

जोडलं, आता सलग वाजतं. काल बाबांबरोबर तासभर गाडीतून फिरलो. नवव्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला मागे जो आवाज आहे तो आत्याचा, हे मला माहीतच नव्हतं. टॅगमध्ये तिचं नाव घातलं, दोन्ही प्रतींत.