जुना डेस्कटॉप: डागडुजी की नवा? आपापले अनुभव लिहा

आमच्या घरच्या डेस्कटॉपला गेल्या दिवाळीत तेरावं वर्ष लागलं. नवरा म्हणतो, वर्ष कशाला, नुसतं 'तेरावं' म्हण. २०१३ साली लॅमिंग्टन रोडवर समोर बसून जोडून घेतलेला: आय५-३४७० प्रोसेसर, एच६१ चा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. दादरला गाडी बदलताना मॉनिटर माझ्या मांडीवर आणि कॅबिनेट त्याच्या डोक्यावर, असा डोंबिवलीला आणला होता. आता सकाळी बटण दाबते आणि कुकर लावते. दुसऱ्या शिट्टीला तो पासवर्ड विचारतो, तिसरीनंतर स्क्रीन दिसते, आणि क्रोम उघडेपर्यंत वरण घोटून होतं.

त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा संपला, आणि विंडोज ११ याच्यावर अधिकृतपणे चढत नाही. एक दुकानदार म्हणाला, भंगारात द्या. दुसरा म्हणाला, एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) टाका, पाच वर्षं बघायला नको. दोघांनाही माल खपवायचाय, म्हणून तुम्हाला विचारते. सल्ला नको, घडलेलं लिहा. मशीन कुठलं, काय टाकलं, किती गेले, पुढे काय झालं. फजिती आधी लिहिलीत तरी चालेल.

देवगड

मग माझा नंबर पहिला. घर खाडीला लागून, हवा खारी. दर पावसाळ्यात एकच तऱ्हा: पंखा फिरतो, स्क्रीन काळी, आतून बीप बीप. रॅम काढायची, तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवायचा, परत दाबून बसवायची. मुलीच्या कंपासपेटीतला खोडरबर कायमचा कॅबिनेटवरच मुक्कामाला आला होता. सहा वर्षं असं चाललं. २०२१ च्या पावसात खोडरबरालाही दाद देईना. उघडून बघतो तर प्रोसेसरशेजारचे तीन कपॅसिटर (वीज साठवणारी बारकी नळकांडी) डोक्यावर फुगलेले, एकातून तपकिरी चीक आलेला. एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यात, पाल, वाळून पापड झालेली.

शहाणा माणूस इथं थांबला असता. मी वापरलेला बोर्ड मागवला, २२०० रुपये. आठ महिने चालला. मग दुसरा, १९०० रुपये, तो दिवाळीही बघू शकला नाही. इतक्या जुन्या प्रोसेसरचे नवे बोर्ड नावाजलेल्या कंपन्या काढत नाहीत. मिळतात ते बहुतेक कुणाच्या तरी मशीनमधून उतरवलेले. शेवटी प्रोसेसर ठणठणीत, रॅम ठणठणीत आणि दोघांना बसायला जागा नाही. आता नियम केलाय: डिस्क गेली, रॅम गेली, एसएमपीएस गेला तर बदलायचं. बोर्ड गेला तर रडून मोकळं व्हायचं.

सांगली

आमचं लग्नपत्रिकांचं दुकान. मशीन कोअर टू ड्युओ, विंडोज एक्सपी, पानं मांडायला पेजमेकर. मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे त्याची किल्लीच, मागच्या पॅरलल पोर्टला, प्रिंटरच्या केबलच्या आधी लावायचं. ते डोंगल काढलं की अक्षर उमटत नाही. आणि पॅरलल पोर्ट आता नव्या मशीनला शोधून सापडत नाही.

भाच्यानं सांगितलं, मामा, सगळं युनिकोडमध्ये, मोबाईलवर चालतं तसल्या मराठीत, करून टाकू. बसलो दोघं रात्री. एका पत्रिकेचा मजकूर कन्व्हर्टरमधून काढला. गणपती, कुलदैवत, आपला नम्र, सगळं नीट आलं. खाली बघतो तर 'मंगल कायार्लय'. रफार एक घर पुढं सरकलेला. मग 'आशीवार्द'. मग 'सूयर्वंशी'. जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षरानंतर टाईप करायची रीत, युनिकोडमध्ये तो आधी येतो, आणि तिथंच कन्व्हर्टरची दांडी गुल. गिऱ्हाइकाच्या आडनावात अशी चूक गेली तर मांडवात येऊन विचारतात. आमच्याकडं अशा वीस वर्षांच्या फायली आहेत. त्याच घरातल्या थोरल्या पोरीची पत्रिका उघडायची, नावं-तारीख बदलायची, धाकटीची तयार. धंदा त्यावर चालतो.

म्हणून बदललं नाही, शेजारी दुसरं घेतलं. नव्यावर जीएसटी, ईमेल, व्हॉट्सअपवरून आलेले फोटो. जुन्याची इंटरनेटची वायर उपटून टाकली. मध्ये पेन ड्राइव्हची ये-जा. कुणी हसेल, पण जुनं मशीन जाळ्यातच नसल्यामुळं एक्सपीचा पाठिंबा २०१४ ला संपल्याचं त्याला कुणी कळवलेलं नाही. फक्त हार्ड डिस्कची दोन डुप्लिकेटं करून ठेवलीत, एक घरी, एक दुकानात. आणि डोंगलला पोरं हात लावतील म्हणून त्यावर चिकटपट्टी मारून 'हात लावू नये' लिहिलंय.

चंद्रपूर

माझं छोटं आहे. मे महिना, बाहेर ४६, मशीन दहा मिनिटांत बंद. मेकॅनिक म्हणाला प्रोसेसर गेला, नवीन घ्या साहेब. पैसेही काढले होते. सहज कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसरवरच्या पंख्याच्या चार पिनांपैकी एक बोर्डातून सुटलेली. कूलर एका अंगाला कलला होता, खाली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडू. पिन दाबली, दीडशे रुपयांची पेस्ट लावली, कापसाएवढी धूळ काढली. तिसरा उन्हाळा चालू आहे. प्रोसेसर सहसा जात नाही हो, त्याच्या आजूबाजूचं जातं.

पुणे, कर सल्लागार

विंडोज ११ बद्दल घाबरलेल्यांसाठी. ऑफिसात २०१९ चे चार डेस्कटॉप, आय५ आठव्या पिढीचे. तपासणीच्या ॲपने चारही नापास केले, कारण टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) नाही. एका विक्रेत्याने चार नव्यांचं कोटेशनही पाठवलं. प्रत्यक्षात टीपीएम प्रोसेसरमध्येच होतं, बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) बंद होतं. इंटेलमध्ये त्याला पीटीटी म्हणतात, एएमडीत एफटीपीएम. चालू केलं, तीन पास.

चौथ्याची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने विभागलेली होती, ती नव्या जीपीटी पद्धतीची करून मग बायोस यूईएफआयवर (मशीन सुरू करण्याच्या नव्या पद्धतीवर) न्यावा लागला. त्याआधी टॅलीचा डेटा आणि क्लायंटच्या फायलींचा बॅकअप घेतला. हे उलट्या क्रमाने करणारा एक मित्र आहे, त्याच्याकडे सध्या विषय काढत नाही. सहाव्या-सातव्या पिढीतही पीटीटी असतं, पण एखाददुसरा अपवाद सोडला तर ते प्रोसेसरच मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाहीत. डोंबिवलीकर ताई, तुमचा आय५-३४७० तिसऱ्या पिढीचा, तेव्हा हा रस्ता तुम्हाला बंद.

कोल्हापूर

मी डायरी लिहितो म्हणून आकडा सांगू शकतो. २०१९ ला लग्नाचे व्हिडिओ एडिट करायला सुरुवात केली, मशीन दुसऱ्या पिढीचं आय३. आधी रॅम. मग ग्राफिक्स कार्ड. कार्डाला वीज पुरेना म्हणून एसएमपीएस, तोही डब्यावर ५०० वॉट लिहिलेला आणि उचलला तर पिसासारखा हलका. मग प्रोसेसर त्याच सॉकेटचा (बोर्डावरच्या खाचेचा) आय७, वापरलेला. दर वेळी वाटायचं, एवढं एक टाकलं की झालं. एका रात्री रेंडर (व्हिडिओची अंतिम फाइल बनवायचं काम) लावून झोपलो, वासानं जाग आली. एसएमपीएस जळाला आणि जाताना बोर्ड व कार्ड घेऊन गेला.

डायरीत बेरीज केली: ३१,४०० रुपये, चौदा महिन्यांत, हप्त्याहप्त्यानं गेलेले म्हणून कळलंच नव्हतं. तेवढ्यात आणखी थोडे घालून पहिल्याच दिवशी नवं आलं असतं. आणि रेंडरचा वेळ कार्ड टाकूनही फारसा उतरला नव्हता, कारण अडत होतं प्रोसेसरपाशी. काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडून बघायचं, कोण १०० टक्क्यांवर जाऊन बसलंय ते. डिस्क असेल तर एसएसडी, मेमरी असेल तर रॅम. हे फुकट असतं, पण मला सुचलं नाही. सांगलीकर, तुमची चिकटपट्टी मला फार आवडली.

बंगळुरू

उलटं उदाहरणही असू द्या. २०१८ ला एएमडीचा रायझन ५ २६०० प्रोसेसर आणि बी४५० चा बोर्ड घेतला. २०२३ ला त्याच बोर्डात नवा प्रोसेसर, ५७००एक्स, बसवला. आधी बायोस अद्ययावत केला, मग प्रोसेसर बदलला. क्रम चुकला असता तर नव्या प्रोसेसरला बोर्डाने ओळखच दाखवली नसती. रॅम, कॅबिनेट, एसएमपीएस सगळं तेच. इंटेलवाल्या मित्रांना दोन-तीन वर्षांनी सॉकेट बदलल्यामुळे ही चैन करता आली नाही. घेतानाच पुढची वाट बघून घेतलं की नंतर वरचा प्रोसेसर चढवता येतो, एवढंच. मात्र आज रॅम घ्यायला जाऊ नका म्हणेन, २०२५ च्या अखेरीपासून भाव चढलेत.

म्हापसा

मी निवृत्त शिक्षक. एका ऑफिसने काढून टाकलेलं आठव्या पिढीचं बारकं मशीन घेतलं, स्वस्त आणि मस्त. वर्षाने त्याचा एसएमपीएस गेला तेव्हा कळलं की त्याचा आकार वेगळा, बोर्डाला जाणारी पिनही वेगळी, बाजारातला साधा बसत नाही. वीस दिवस थांबलो. घेताना झाकण उघडून बघा. माझ्या आधीच्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट घातलंय, बायको त्यावर भजनं ऐकते आणि बातम्या वाचते. प्रिंटर मात्र त्याच्याशी बोलत नाही.

डोंबिवली, धागा काढणारी

सगळ्यांचे आभार. टास्क मॅनेजर उघडला: काहीच चालू नसताना डिस्क १००, मेमरी ८७. चंद्रपूरकरांचं वाचून कॅबिनेटही उघडलं. चारही पिना जागेवर, धूळ मात्र पाव किलो. बोर्डावर एकही कपॅसिटर फुगलेला नाही, टॉर्च मारून मोजले.

२५० जीबीची एसएसडी घेतली. एच६१ वर सॅटा, म्हणजे डिस्क जोडायची जागा, जुनं, ३ जीबीपीएसचं, त्यामुळे एसएसडी निम्म्याच वेगाने पळते, पण हार्ड डिस्कनंतर कोण तक्रार करणार! ४ जीबी डीडीआर३ रॅमची एक पट्टी शेजारच्या बंद मशीनमधून फुकट मिळाली. मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून विंडोज १० चे सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून घेतलेत. नवऱ्याला सांगितलं, तेरावं ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकललंय. आज पहिल्या शिट्टीआधी क्रोम उघडलं होतं, वरण मागे पडलं.

पण नवी पट्टी बसवल्यावर एकदा बीप वाजला होता. देवगडकर, खोडरबर कुठलाही चालतो का?

देवगड

पांढरा, मऊ. शाईचा नको, खरवडतो. आणि पुसल्यावर फुंकर मारू नका, थुंकी उडते. ब्रश घ्या.