मदत हवी आहे: छातीखाली काहीच कळत नाही, तरी लघवी तुंबली की दादाचं डोकं का ठणकतं?

नमस्कार मंडळी. आम्ही परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातले. विषय घाईचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझा मोठा भाऊ, वय ३४, मागच्या वर्षी मृगाच्या तोंडावर आखाड्यावरचे पत्रे बसवताना पाठीवर पडला. एमआरआयमध्ये डी-४ला, म्हणजे छातीमागच्या चौथ्या मणक्याला, फ्रॅक्चर आणि तिथेच मज्जारज्जूला मार निघाला. ऑपरेशन करून रॉड बसवले. हात शाबूत आहेत. स्वतः जेवतो, दाढी करतो, आडतीचा हिशोब अजून तोच बघतो. छातीवर स्तनाग्रांच्या रेषेपासून खाली मात्र चिमटा काढा की गरम पाणी सांडा, त्याला पत्ता नसतो. लघवीला कायमची नळी आहे. संडास दिवसाआड गोळी ठेवून बोटाने काढावी लागते, ते मी करतो, नाहीतर वहिनी.

सुरुवातीला पाय अगदी लुळे होते, बाकी तक्रार नव्हती. दिवाळीनंतर हे नवीनच सुरू झालं. अचानक डोकं ठणकायला लागतं, कवटी फुटते की काय असं होतं म्हणतो. चेहरा लालबुंद, कपाळावर आणि मानेवर घामाच्या धारा, नाक चोंदलेलं. त्याच वेळी पोटाला, मांडीला हात लावला तर कातडी गार आणि अंगावर काटा.

परवा रात्री असंच झालं म्हणून जवळच्या एका दवाखान्यात नेलं. बीपी १७०/१०० निघालं. एरवी त्याचं १००/६० च्या आसपास असतं. तिथे आडवं झोपवलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं, टेन्शन घेऊ नका म्हणाले. दुखणं वाढतच गेलं. वहिनीनं पांघरूण बाजूला केलं तर लघवीची पिशवी जवळजवळ रिकामी आणि नळी मांडीखाली दबून चपटी झालेली. नळी सरळ केली तशी पिशवी भरभर भरली, आणि थोड्याच वेळात दादा म्हणाला, आता बरं वाटतंय.

बारावी सायन्सला शिकलेलं आठवतं की संवेदना मज्जारज्जूतून वर जातात आणि मेंदूचे हुकूम तिथूनच खाली येतात. दादाचा हा रस्ता डी-४ला तुटलाय. मग मूत्राशय भरल्याची खबर वर पोचलीच नसेल, तर बीपी वाढवलं कुणी? ज्याला पोटावर ठेवलेला बर्फ कळत नाही, त्याचं डोकं लघवीनं कसं दुखतं?

आणखी एक. अलीकडे चादर ओढली की त्याचे पाय आपोआप आखडतात, गुडघे वर येतात. मायला वाटतं पायात जीव आला. ती रोज तेल चोळते आणि वाट बघते. तिला काय सांगावं, मला सुचत नाही.

रात्री-बेरात्री गाडी मिळून जिल्ह्याला पोचेपर्यंत बराच वेळ जातो. तोवर घरी काय करायचं? कुणी या क्षेत्रातलं असेल, किंवा घरात असा पेशंट असेल, तर कृपया लिहा.

बांधावरची बाभळ:

भाऊ, मी परिचारिका आहे, मणक्याच्या पेशंटांच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली आहेत. कारणमीमांसा कुणीतरी लिहीलच, आधी हे वाचा आणि वहिनींनाही वाचायला द्या. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया दिसतो, म्हणजे दुखापतीखालच्या एखाद्या त्रासानं बीपी एकदम चढणं, आणि ती इमर्जन्सी आहे. बीपी चढत राहिलं तर झटके येऊ शकतात, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

डोकं दुखायला लागलं की आडवं झोपवायचं नाही. उठवून ताठ बसवा, पाय बाजेखाली सोडा. बसल्यावर रक्त पायाकडे उतरतं आणि बीपी थोडं तरी खाली येतं. पोटाचा पट्टा, नाडी, मोजे, पिशवी बांधलेली पट्टी, आवळलेलं सगळं सैल करा. मग नळी वरपासून पिशवीपर्यंत बोटांनी चाचपत या. पीळ पडलाय का, कुठे दबलीय का, पिशवी मूत्राशयापेक्षा वर टांगलीय का. नळी गाळाने बंद झाली असेल तर ती बदलावी लागते. तुम्हाला रीतसर शिकवलं असेल तरच घरी बदला, नाहीतर लगेच निघा. बदलताना लिग्नोकेन जेली (जागा बधिर करणारी) घालून दोन-तीन मिनिटं थांबा, कारण नळी घालताना होणारा त्रासही बीपी आणखी चढवतो.

नळी ठीक असेल तर संडास तुंबलीय का बघा, तिथेही आधी जेली. तेही नसेल तर पाठीमागे माकडहाडावर जखम, पायाच्या अंगठ्याचं रुतलेलं नख, अंगाखाली राहिलेलं झाकण, दबलेले अंडकोष. निरोगी माणसाला जिथे दुखलं असतं, अशी प्रत्येक जागा बघायची. दर दोन ते पाच मिनिटांनी बीपी मोजत राहा. कारण सापडलं नाही, किंवा वरचा आकडा १५० च्या पुढेच राहिला, तर १०८ ला फोन करा. गाडीतही बसवूनच न्या. दादा सिल्डेनाफिलसारखी (लिंगाच्या ताठरतेसाठीची) गोळी घेत असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, मग बीपी उतरवायला नायट्रेटचं औषध देता येत नाही. हे सांगायला लाजू नका. आणि त्रास थांबला तरी पुढचे दोन तास बीपी बघा, ते परत चढू शकतं किंवा फार खालीही जाऊ शकतं.

काळी माती:

मी पुनर्वसन विभागात डॉक्टर आहे. वरच्या ताईंनी लिहिलेलं आधी पाठ करा, मग हे वाचा.

खबर मेंदूपर्यंत पोचली नाही हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण डी-४ च्या खालचा मज्जारज्जू मेलेला नाही. मज्जारज्जूतून नसांच्या ३१ जोड्या निघतात. दादांच्या दुखापतीखाली त्यातल्या १९ आहेत, आणि त्या आपापल्या अवयवांना अजून जोडलेल्या आहेत. त्यांच्यावर मेंदूची देखरेख तेवढी राहिलेली नाही.

हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचा ताण, घाम, आतडी, मूत्राशय ही आपण न ठरवता चालणारी कामं स्वायत्त चेतासंस्था बघते. तिची अनुकंपी शाखा, म्हणजे आम्ही सिंपथेटिक म्हणतो ती, मज्जारज्जूच्या डी-१ ते एल-२ (डी म्हणजे छातीचा भाग, एल कमरेचा) या पट्ट्यातून निघते. रक्तवाहिन्या आवळणं, घाम आणणं, अंगावर काटा आणणं तिच्याकडे. परानुकंपी शाखा दोन टोकांनी निघते. वरची मेंदूच्या देठातून, तिच्यातली सर्वात मोठी नस वेगस. खालची एस-२ ते एस-४ मधून (एस म्हणजे कमरेखालचा, माकडहाडाच्या वरचा भाग), आणि मूत्राशय आकुंचन पावतं ते या खालच्या टोकामुळे.

आता परवाची रात्र बघा. नळी दबली, मूत्राशय ताणलं. ताणाचा संदेश खालून मज्जारज्जूत शिरला आणि वर चढू लागला. डी-४ला तो अडला, पण वाटेत अनुकंपी शाखेच्या सगळ्या पेशींना चेतवत गेला. पोटातल्या आणि पायातल्या रक्तवाहिन्या एकदम आवळल्या. आतड्यांच्या रक्तवाहिन्यांकडे जाणाऱ्या मोठ्या नसा साधारण डी-५ ते डी-९ मधून निघतात आणि तिथे रक्ताचा फार मोठा साठा असतो. तो साठा आवळून वर ढकलला गेला की बीपी चढणारच. म्हणूनच हा प्रकार डी-६ किंवा त्याच्या वरच्या दुखापतीत दिसतो. कमरेच्या मणक्याला मार लागलेल्यांना सहसा होत नाही, कारण त्यांच्या आतड्यांच्या रक्तवाहिन्या मेंदूच्या ताब्यात असतात.

बीपी वाढल्याचं मेंदूला कळतं, कारण ते मोजणाऱ्या जागा मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांत आहेत आणि त्यांचे संदेश मज्जारज्जूत न शिरता थेट वर जातात. मेंदू दोन हुकूम सोडतो. एक वेगसमधून हृदयाला, हळू चाल म्हणून. वेगस मज्जारज्जूच्या बाहेरून जाते, त्यामुळे तो हुकूम पोचतो आणि बऱ्याचदा नाडी मंद लागते. दुसरा हुकूम रक्तवाहिन्या सैल करण्याचा, तो डी-४च्या खाली जाऊच शकत नाही. म्हणून वर चेहरा लाल, नाक चोंदलेलं, घाम, आणि खाली गार कातडी आणि काटा. दादांना मूत्राशय दुखलेलं कळत नाही, पण चढलेल्या दाबानं डोक्यातल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात, आणि डोक्याच्या संवेदनेची वाट दुखापतीच्या वर आहे. ती डोकेदुखी पूर्ण खरी आहे. तिला टेन्शन म्हणून सोडून देणं मला अजिबात पटत नाही.

हे आधी का नव्हतं? दुखापतीनंतर काही आठवडे, कधी काही महिने, खालचा मज्जारज्जू गप्प असतो. त्याला स्पायनल शॉक म्हणतात. तो ओसरला की प्रतिक्षिप्त क्रिया परत येतात, आणि त्यांच्यासोबत हा त्रासही. १९४७ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेविल हॉस्पिटलच्या डॉ. लुडविग गुटमन यांनी विटरिज या शास्त्रज्ञांसोबत, मूत्राशय ताणल्यावर अशा पेशंटांचं बीपी कसं चढतं याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. म्हणजे हे काही काल-परवा कळलेलं नाही, तरी लहान गावांतल्या दवाखान्यांपर्यंत अजून पोचलं नाही याचं वाईट वाटतं.

पाय आखडण्याचं मूळही हेच. कातडीवरचा स्पर्श मज्जारज्जूत गेला आणि तिथूनच स्नायूंना परत आला, मेंदूपर्यंत गेलाच नाही. त्यामुळे पाय हलले म्हणजे सुधारणा, असं धरता येत नाही. सुधारणा बघायची तर दादा ठरवून अंगठा हलवू शकतात का, आणि गुदद्वाराभोवती स्पर्श कळतो का, हे तपासून घ्या. माईंना खरं सांगा, पण तेल चोळणं बंद करू नका. रोज सांधे हलवले तर ते आखडत नाहीत, आणि कातडीवर कुठे लाली आली तर त्यांच्या नजरेला पहिली पडेल. पाय एकाएकी जास्तच आखडायला लागले तर लघवीतलं इन्फेक्शन किंवा जखम शोधा.

बिंदुसरा:

मी बीडचा, डी-३, व्हीलचेअरवर आहे. खिशात एक लॅमिनेट केलेली चिठ्ठी ठेवतो: दुखापत डी-३, नेहमीचं बीपी ९५/६०, डोकं दुखलं तर आधी बसवा आणि लघवीची नळी तपासा. नेहमीचा आकडा लिहिणं फार गरजेचं आहे. आपलं बीपी १३५ झालं तर नवख्या डॉक्टरला ते नॉर्मल वाटतं, पण आपल्यासाठी ते ४० नं वाढलेलं असतं. ही चिठ्ठी वाचून एका छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला झोपवलेलं उठवून बसवलं होतं.

उन्हाळ्याचंही आताच सांगतो. आपल्याला दुखापतीखाली उष्णतेनं घाम येत नाही. परभणीत पारा ४२-४३ च्या पुढे गेला की दादांचं अंग तापेल आणि घरच्यांना ताप वाटेल. दुपारी पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. अंगावर ओलं फडकं, पाण्याचा फवारा आणि पंखा. थंडीत गरम पाण्याची पिशवी पायाशी बिलकुल नको, भाजलं तरी कळत नाही. सकाळी व्हीलचेअरवर बसवताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर तो उलट प्रकार, बीपी पडल्याचा. तेव्हा मात्र मागे रेलवायचं आणि पाय वर घ्यायचे.

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. वहिनीला फोनवर वाचून दाखवलं. बीपीचं मशीन आणि जेली आणली, चिठ्ठीही लिहिली. मायशी बोललो. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, कातडी मी बघत जाईन.

एक शंका राहिली. आज संडास काढताना मध्येच बीपी मोजलं तर १०५ वरून १४० झालं होतं. डोकं दुखत नव्हतं, फक्त मानेवर घाम होता. अशा वेळी थांबायचं की पटकन उरकून घ्यायचं? आणि ही कायमची नळी आयुष्यभर ठेवायची का?

बांधावरची बाभळ:

थांबायचं. डोकं दुखलं नाही तरी ३५ नं चढलंय, तोच इशारा. बोट काढा, बसवा, बीपी खाली येऊ द्या. मग जेली आत लावून पाच मिनिटांनी हळूच पुन्हा सुरू करा. परत चढलं तर पुढे रेटू नका, डॉक्टरांकडे न्या. पुढच्या वेळी सुरुवातीपासूनच जेली वापरा आणि जेवणानंतर अर्ध्या तासानं बसवा, तेव्हा आतडी आपणहून हलतात आणि बोटाचं काम कमी होतं.

नळीचं म्हणाल तर दादांचे हात चांगले आहेत. दर चार ते सहा तासांनी स्वतः नळी घालून लघवी काढायची आणि नळी लगेच बाहेर, ही पद्धत ते शिकू शकतील. एका वेळी ५०० मिलीपेक्षा जास्त साठू द्यायची नाही, त्यासाठी पाणी पिण्याच्या वेळा ठरवाव्या लागतात. आधी युरॉलॉजिस्टकडून मूत्राशयातला दाब तपासून घ्या. मुंबईला जाणं जमत असेल तर हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत दाखवा. जाताना एमआरआय, ऑपरेशनचे कागद आणि बीपीची वही सोबत ठेवा. वहीत वेळ, आकडा आणि त्या वेळी काय चाललं होतं, एवढं आजपासून लिहायला लागा.