मदत हवी: विमानाच्या फॅक्टरी इंजिनच्या फिल्टरमध्ये पोलादाचा कीस

नमस्कार मंडळी. इथे कुणी छोटी विमानं उडवणारे किंवा त्यांच्या इंजिनात हात काळे करणारे असतील तर सल्ला हवाय.

ओहायोत आम्ही चौघांनी मिळून एक जुनं चार आसनी विमान घेतलंय. (चाकं तीन, मालक चार, त्यामुळे माझ्या वाट्याला फक्त बिलं येतात, असं बायकोचं मत.) तीन वर्षांपूर्वी इंजिनाचे ठरलेले तास भरले. जवळच्या वर्कशॉपमध्ये तेच बांधून घेता आलं असतं, पण आम्ही जास्त पैसे मोजून कारखान्यातून 'रीबिल्ट' (तिथेच पुन्हा बांधलेलं) इंजिन आणलं. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे शून्य तासांचं नवं लॉगबुक (इंजिनाची नोंदवही) फक्त मूळ कारखाना किंवा त्याने नेमलेली संस्था देऊ शकते. त्या शून्याला भुललो. आत वापरलेले भागही असू शकतात, फक्त ते नव्याच्या मापात बसले पाहिजेत, हे नंतर कळलं.

ओव्हरहॉल (इंजिन पूर्ण उघडून पुन्हा बांधणं) २००० तासांनी अपेक्षित, आमचे झालेत ३१०. परवा तेल बदलताना फिल्टर कापला तर घड्यांमध्ये चमचमता कीस! लोहचुंबकाला चिकटतो, म्हणजे ॲल्युमिनियम नव्हे. आवाज नाही, थरथर नाही, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (दाब धरण्याची क्षमता) उत्तम. मेकॅनिकला संशय कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडायला लावणारा फिरता दांडा) आणि टॅपेटचा (त्या दांड्याला घासत व्हॉल्व्ह ढकलणारे भाग). वॉरंटी संपलेली. कारखान्याला फोन केला तर विचारतात, "विमान नियमित उडत होतं का?" (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.)

हिवाळ्यात उडत नव्हतं, पण हेळसांड नाही केली. दर रविवारी हँगरबाहेर काढून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचो. बाबा गावाला जाताना शेजारच्या काकांना स्कूटरला किक मारायला सांगून जायचे, तीच सवय.

कारखान्यातूनच दोष येतो हे काही नवीन नाही. १९७७ च्या सेस्ना १७२एन विमानात आलेल्या ओ-३२०-एच२एडी इंजिनाचे कॅम आणि टॅपेट इतके झिजायचे की तेलात खास ॲडिटिव्ह घालणं सक्तीचं झालं आणि १९८१ च्या १७२पी मॉडेलला दुसरं इंजिन दिलं. आमचं इंजिन ते नाही, पण आता ताकही फुंकून पितोय. पुन्हा कारखान्याकडेच जावं की वर्कशॉपमध्ये बांधून घ्यावं?

प्रतिसाद

रागावू नका, पण घोळ त्या रविवारच्या दहा मिनिटांत असावा. तुमच्यासारख्या बऱ्याच इंजिनांत कॅमशाफ्ट सगळ्यात वर असतो. विमान उभं राहिलं की तेल त्याच्यावरून ओघळून खाली जातं. जमिनीवर थोडा वेळ चालवलं की जळणातून तयार झालेलं पाणी आत राहतं, कारण ते उडून जाण्याइतकं तेल तापतच नाही. स्कूटरला चालतं ते इथे चालत नाही. गंजाचे खड्डे पडले की टॅपेटचा पृष्ठभाग सोलपटायला लागतो, आणि तोच कीस फिल्टरमध्ये येतो. उडवायचं तर तासभर नीट उडवा, तेल ८० सेल्सिअसच्या आसपास जाऊ द्या. नाहीतर गंज रोखणारं प्रिझर्व्हेटिव्ह तेल घालून, स्पार्क प्लगच्या जागी ओलावा शोषणारे डेसिकंट प्लग लावून बंद ठेवा.

अख्खं इंजिन उघडण्याआधी एक सिलिंडर उतरवून कॅम बघायला सांगा. कीसही प्रयोगशाळेत पाठवा, कुठला धातू आहे ते कळेल. कारखाना की वर्कशॉप हे त्यानंतर ठरवा. वर्कशॉपमध्ये बांधलंत तर इंजिनाचं कवच आणि क्रँकशाफ्ट (मुख्य फिरता दांडा) तुमचेच राहतील, त्यांचा इतिहास तुम्हाला माहीत असेल. मी तरी तेच करेन. आणि तोवर कृपया उडवू नका.

धागाकर्ता

धन्यवाद. सिलिंडर शनिवारी उतरवतोय, विमान बंदच आहे. रविवारची ती ड्यूटी मीच आनंदाने अंगावर घेतली होती, हे बाकीच्या तिघांना कसं सांगावं, यावरही सल्ला चालेल.