‘बुलेट ट्रेन’: बंद डब्यातल्या मारामारीत विनोद आहे की नुसतं रक्त?

वणीकर: ‘बुलेट ट्रेन’ (२०२२) हा हॉलिवूडपट हिंदीत पाहिलेले बरेच जण ‘नुसती रक्ताची होळी’ म्हणून मोडीत काढतात. मला ते अजिबात पटत नाही. टोकियोहून क्योतोला निघालेली गाडी, आत भाडोत्री मारेकरी आणि बहुतेकांचा जीव एका ब्रीफकेसमध्ये अडकलेला. ब्रॅड पिटनं केलेला लेडीबग नावाचा मारेकरी पिस्तूल घेतच नाही, त्यामुळे हाताला लागेल त्यानं लढायचं. स्टेशनवर गाडी मिनिटभरच थांबते, म्हणून उतरतो म्हणता उतरता येत नाही. आणि तो शांतता पाळायचा डबा! लेडीबग आणि लेमन हा दुसरा मारेकरी एकमेकांना बुकलताहेत, शेजारची बाई ‘शूऽऽ’ करून दटावते. हीच मारामारी मोकळ्या मैदानात घ्या, कोण हसेल? दिग्दर्शक डेव्हिड लीच पूर्वी पिटचा स्टंट डबल, म्हणजे मारामारीच्या दृश्यांत त्याच्या जागी उभा राहणारा, होता. अरुंद जागेत कोपर कुठं आपटेल हे त्याला पुरतं ठाऊक आहे.

झाडीपट्टीकर: वणीकर भाऊ, जागेचं मान्य. माझा राग मरणाच्या थट्टेवर आहे. आमच्या पूर्व विदर्भातल्या वडसा भागात दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. त्यात खून असतो, खलनायक असतो, विनोदी पात्राशिवाय तर नाटक उभंच राहत नाही. पण मढं पडलं की मंडप गप्प होतो, बायका डोळ्याला पदर लावतात. इथं वुल्फ या मारेकऱ्याची बायको लग्नातच विषानं मरते, तो सूड घ्यायला येतो, त्यानं फेकलेली सुरी ब्रीफकेसवर आपटून त्याच्याच छातीत घुसते, आणि आपण हसायचं? ते विषही बूमस्लँग या आफ्रिकेतल्या विषारी सापाचं. धानाच्या बांधीत साप चावून माणूस गेलेला ज्यानं पाहिला, त्याला डोळ्यांतून रक्त येणारं मरण गमतीचं वाटत नाही.

दारव्ह्याची ताई: मले दोघायचंही पटत नाही. ते बाई दटावते तेच खरं हसू हाय, काऊन का तिथं लोक हायेत. पुढं समदे डबे रिकामे. गुंडायच्या म्होरक्यानं तिकिटंच इकत घेतली म्हने. मंग लाज कोनाची अन् भेव कोनाचं? आमच्या गावच्या मुक्कामी येष्टीत दोघं भांडले त कंडक्टर, म्हाताऱ्या, कोंबड्यावाला, सारेच मधात पडतात. तसे परवासी शेवटलोक ठेवले असते त सिनेमा कुठच्या कुठं गेला असता.

वणीकर: ताई, गर्दी असती तर मारेकऱ्यांना लपायला जागा मिळाली असती. रिकाम्या डब्यात समोरून येणारा प्रत्येक जण संशयाचा, त्यातून ताण वाढतो. आणि झाडीपट्टीकर दादा, हा सिनेमा प्रत्येक मरणावर हसत नाही. जोडीदार टँजरीन मेलेला दिसल्यावर लेमन कसा कोसळतो ते पुन्हा पाहा. सिनेमाभर दोघं एकमेकांशी भांडत असतात, म्हणूनच ते मरण इतकं लागतं.

झाडीपट्टीकर: लेमनचं मान्य, तो प्रसंग मलाही लागला. पण मग वुल्फच्या बायकोनं काय घोडं मारलं होतं? आणि जागेचा नियम एवढा मोलाचा, तर टँजरीन धावत्या गाडीला मागून लोंबकळून आत कसा शिरतो? शेवटी गाडी रुळावरून उतरवून वस्तीत घुसवायची काय गरज होती? तिथं सारा संगणकाचा खेळ उघडा पडतो.

दारव्ह्याची ताई: हे मात्र बराबर बोलले दादा. मले त हिरोयुकी सनाडाचा तो म्हातारा आवडला. नातू दवाखान्यात, पोरगा गाडीत फसलेला, अन् हा तलवार घेऊन चढते. लेडीबग किडा साऱ्यायचं दुःख आपल्यावर घेते, हे तोच सांगते. त्याले लीचनं इतक्या उशिरा काऊन चढवलं? पहिल्या ठेसनापासून पाहिजे होता तो.